शिवरात्रीचे जागरण : एक पारधी, एक मुलगा आणि एक उंदीर

१/ काठेवाडात, तेव्हाच्या मोरबी संस्थानात, टंकारा नावाचे गाव आहे. १८३८ च्या सुमाराची माघ वद्य चतुर्दशी. शिवालयात चार प्रहरांच्या पूजेसाठी मंडळी जमली आहेत. मध्यरात्र जवळ येते तसतशा माना लवू लागतात. पुजारी बाहेर जाऊन आडवे होतात. ज्यांनी मुलाला हट्टाने व्रताला बसवले, ते वडीलही निद्रावश होतात. जागा राहतो तो एकटा, चौदा वर्षांचा मुलगा. झोप लागली तर व्रताचे फळ जाते असे त्याने ऐकलेले आहे. म्हणून तो डोळ्यांवर पाण्याचे हबके मारीत बसला आहे.

२/ त्याचे नाव मूलशंकर. पुढे जग त्याला स्वामी दयानंद सरस्वती म्हणून ओळखणार होते. त्या रात्री त्याने काय पाहिले हे अनेकांना ठाऊक आहे : बिळातून उंदीर निघाला आणि पिंडीवर चढून अक्षता खाऊ लागला. आपण आज त्या उंदराकडे जरा सावकाशीने जाऊ. आधी विचारायचा प्रश्न असा की, माणसांनी रात्रभर जागावे ही कल्पना आली कोठून, आणि त्या जागण्याचा अर्थ परंपरेने काय लावला होता? तो कळल्यावाचून मुलाच्या प्रश्नाची धार कळत नाही.

३/ रात्र जागून देवाच्या सान्निध्यात घालवण्याची चाल शिवरात्रीहून फार जुनी आहे. शतपथ ब्राह्मणाचा आरंभच यज्ञाच्या पूर्वदिवसाने होतो. उद्या हा यजमान यज्ञ करणार हे देवांना कळते, म्हणून ते आदल्या रात्री त्याच्या घरी येतात आणि त्याच्याजवळ वास करतात. म्हणून तो दिवस ‘उपवसथ’. आपला ‘उपवास’ याच कुळातला शब्द. पाहुणे घरात असताना यजमानाने त्यांच्याआधी जेवू नये, हा साधा शिष्टाचार त्या उपोषणामागे आहे. साबुदाण्याच्या खिचडीपर्यंत हा शब्द कसा पोहोचला, तो वेगळ्या थ्रेडचा विषय!

४/ सोमयागांत ‘अतिरात्र’ नावाचा प्रकार आहे. नावातच त्याचे वैशिष्ट्य आहे : तो दिवसात आटोपत नाही, रात्र ओलांडून जातो. रात्री स्तोत्र-शस्त्रांची तीन आवर्तने होतात आणि पहाटे आश्विनशस्त्राने सूर्याची वाट पाहिली जाते. अंधारातून उजेडापर्यंत मंत्राचा धागा तुटू द्यायचा नाही, हा त्यातला भाव. शिवरात्रीचे जागरण थेट अतिरात्रातून उतरले असे मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. परंतु रात्र प्रहरांत वाटून प्रत्येक प्रहराला एक विधी बांधून देण्याची सवय या समाजाला किती आधीपासून होती, हे यावरून ध्यानात यावे.

५/ आता शिवरात्रीकडे. प्रत्येक महिन्याची कृष्ण चतुर्दशी ही शिवरात्रच असते. माघातली ती महाशिवरात्र. (उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तिकडे हीच तिथी फाल्गुनात पडते. रात्र एकच, नाव निराळे.) धर्मशास्त्रकार या व्रताची तीन अंगे सांगतात : उपवास, पूजा आणि जागरण. प्रत्येक प्रहरी एक पूजा, आणि प्रचलित पद्धतीत दूध, दही, तूप व मध यांचा क्रमाने अभिषेक.

६/ या व्रतात एक गोष्ट लक्षणीय आहे. बहुतेक व्रतांत सूर्योदयाची तिथी पाहतात. येथे पाहतात ती मध्यरात्रीची. रात्रीचे पंधरा मुहूर्त कल्पिले तर आठवा मुहूर्त ‘निशीथ’. त्या वेळी चतुर्दशी असेल तो दिवस व्रताचा. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या ‘कालनिर्णया’त, १६१२ मध्ये काशीस कमलाकर भट्टांनी रचलेल्या ‘निर्णयसिंधू’त, आणि १७९० च्या सुमारास आपल्या पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री पाध्ये यांच्या ‘धर्मसिंधू’त यावर काथ्याकूट केलेला आहे. तिथी दोन रात्रींत विभागली तर काय करावे, याचे इतके बारीक विवेचन वाचताना क्वचित हसू येते. पण त्यातून एक गोष्ट निःसंशय दिसते : या व्रताचा गाभा दिवसात नाही, मध्यरात्रीत आहे. सूर्य सर्वांत दूर असतो आणि चंद्रही जवळजवळ मावळून गेलेला असतो, तो क्षण.

७/ हल्ली दर वर्षी एक संदेश फिरतो की, या रात्री ग्रहस्थिती अशी असते की शरीरातील ऊर्जा आपोआप वर चढते, म्हणून पाठीचा कणा ताठ ठेवून बसावे. वर सांगितलेल्या निबंधग्रंथांची चर्चा तिथीची, अधिकाराची आणि विधीची आहे. असल्या ‘वैज्ञानिक’ कारणाची त्यांना गरज वाटलेली नाही. आपल्यालाही वाटू नये. जागरणाचा अर्थ पूर्वजांनी सांगितला तो कथेतून, आणि ती कथा अशा संदेशांपेक्षा पुष्कळ खोल आहे.

८/ ती कथा पारध्याची. तिच्या आवृत्त्या अनेक : स्कंदपुराणात आहे, गरुडपुराणात आहे (तेथे तो सुंदरसेन नावाचा निषादांचा राजा आहे). शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत त्याचे नाव गुरुद्रुह. मराठी घरांत ती पोहोचली श्रीधरांच्या ‘शिवलीलामृता’मुळे; १७१८ मध्ये बारामतीस पूर्ण झालेल्या या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात ती येते.

९/ घरची माणसे उपाशी, म्हणून पारधी शिकारीला निघतो. दिवसभर काही मिळत नाही. रात्री पाणवठ्याजवळच्या बेलाच्या झाडावर तो दबा धरून बसतो. झाडाखाली शिवलिंग आहे हे त्याला ठाऊक नाही. आज शिवरात्र आहे, हेही नाही. पहिल्या प्रहरी एक हरिणी येते. तो बाण जोडतो. हालचालीने जवळचे पाणी सांडते, बेलाची पाने गळतात आणि खाली पिंडीवर पूजा घडते.

१०/ हरिणी म्हणते, माझी पाडसे घरी आहेत, त्यांना सोपवून परत येते. पारधी विश्वास ठेवीत नाही. ती शपथा घालते. अखेर तो तिला जाऊ देतो. दुसऱ्या प्रहरी दुसरी हरिणी, तिसऱ्या प्रहरी मृग. प्रत्येकाची तीच विनवणी, आणि प्रत्येक वेळी पाणी आणि पाने खाली पडतात. चौथ्या प्रहरी ती सर्व शब्दाला जागून परत येतात, पाडसांसह, आणि ‘आधी मला मार’ म्हणून पुढे होतात. पारध्याच्या हातून बाण सुटत नाही.

११/ या कथेचा सामान्यतः सांगितला जाणारा अर्थ असा : नकळत घडलेल्या व्रतानेही एवढे फळ मिळते, मग जाणून केल्यास किती! मीमांसकांच्या परिभाषेत हा अर्थवाद झाला. विधीची थोरवी गाऊन माणसाला त्याकडे वळवणारे वचन. तो अर्थ खोटा नाही. पण कथा नीट पाहिली तर तीत आणखी काही चाललेले आहे.

१२/ पारधी जागा राहतो तो भक्तीने नव्हे, भुकेने. त्याचा उपवास म्हणजे न मिळालेली शिकार. त्याची एकाग्रता म्हणजे नेम धरलेला डोळा. व्रताची तिन्ही अंगे त्याच्याकडून पुरी होतात, आणि तिन्हींमागचा हेतू हिंसेचा आहे. पण प्रहर उलटतात तसा त्याच्या जागेपणाचा विषय बदलतो. आधी तो सावजाची वाट पाहतो. मग दिलेल्या शब्दाची वाट पाहतो. पहाटे त्याच्यासमोर येतात ते मांसाचे चार घास नव्हेत. एकमेकांसाठी मरायला आलेली एक कुटुंबवत्सल मंडळी आहेत, त्याच्या घरी उपाशी बसलेल्यांसारखीच. रात्रभर डोळे उघडे होतेच. दिसू लागले ते चौथ्या प्रहरी.

१३/ येथे ‘अधिकारा’चीही गोष्ट लक्षात घ्यावी. शिवरात्रीचे व्रत धर्मशास्त्राने सर्वांना खुले ठेवले आहे. कोणताही वर्ण असो, स्त्री असो वा पुरुष. आणि या सर्वांना खुल्या व्रताच्या महिम्यासाठी निवडलेला नायक म्हणजे एक वनवासी पारधी, ज्याला मंत्र येत नाही, संकल्प माहीत नाही. शिवपुराणात तर तोच पुढच्या जन्मी शृंगवेरपुरचा गुह होतो, रामाचा सखा. विधीच्या काटेकोरपणाने भरलेल्या वाङ्मयाने आपल्या मध्यभागी असा अविधिपूर्वक जागलेला माणूस आणून बसवावा, यात मला परंपरेचे मोठेपण वाटते.

१४/ एक सहज सांगण्याजोगी गोष्ट. आपल्याकडे कथेच्या शेवटी हरणे आणि पारधी आकाशात जातात : मृगनक्षत्र आणि त्याच्या मागचा तेजस्वी व्याध. महाशिवरात्रीला चंद्रप्रकाश नसतो. पहिल्या प्रहरी दक्षिणेकडे तोंड करून वर पाहा; मृग आणि व्याध दोघेही उंच दिसतात. मध्यरात्रीनंतर ते पश्चिमेला उतरू लागतात. अंगणात जागणाऱ्यांना ही कथा वर घडताना दिसत असली पाहिजे.

१५/ आता टंकाऱ्यास परतू. मूलशंकरचे वडील करसनजी निष्ठावान शैव; सरकारी वसुलीचे काम आणि सावकारी असलेले वजनदार गृहस्थ. घराणे औदीच्य ब्राह्मणांचे, सामवेदी; पण शिवभक्तीमुळे मुलाला रुद्राध्यायापासून यजुर्वेद शिकवलेला. आईचा या उपवासाला विरोध होता : पोराला सकाळी उठल्याबरोबर भूक लागते, त्याला हे झेपणार नाही. वडिलांनी ऐकले नाही. त्यांनी मुलाला कथा ऐकवल्या. त्रिशूळ, डमरू, पाशुपतास्त्र, दैत्यांचा संहार, कैलासावरचा महादेव. मुलाने त्या अक्षरशः खऱ्या मानल्या. लहान मुलाने दुसरे काय करावे?

१६/ म्हणून उंदीर पिंडीवर फिरताना पाहून त्याला पडलेला प्रश्न थट्टेचा नव्हता. ज्याच्या कथा ऐकल्या तो महादेव हाच काय? मग याला एक उंदीर का हाकलता येत नाही? (उंदीर हे त्याच घरातल्या धाकट्या मुलाचे वाहन, त्यामुळे पिंडीवर त्याचा काही हक्क पोहोचतो, असे एखादा पुराणिक म्हणाला असता!) त्याने वडिलांना उठवले. वडील झोपमोडीने वैतागले, पण उत्तर दिले : कलियुगात महादेवाचे साक्षात् दर्शन होत नाही, म्हणून पाषाणात त्याचे आवाहन करून पूजा करतात, आणि तो कैलासपती तीवर प्रसन्न होतो.

१७/ हे उत्तर शास्त्रदृष्ट्या चुकीचे नाही. प्रतिष्ठा आणि आवाहन यांचा सिद्धान्त तोच आहे. पण मुलाला हवे होते ते हे नव्हे. भूक आणि थकवा अंगावर आला. त्याने घरी जाण्याची परवानगी मागितली. वडिलांनी सोबत शिपाई दिला आणि बजावले, उपास मोडू नको. घरी आईने खायला दिले. तो जेवला, रात्री एकनंतर झोपला आणि सकाळी उशिरा उठला. वडील संतापले. एका रात्रीत व्रताचे दोन नियम मोडले होते.

१८/ हिशेब मांडून पाहा. त्या देवळात जागरणाचे व्रत मध्यरात्रीपलीकडे पाळले ते एकट्या त्या मुलाने. जे झोपले त्यांचा देव सुरक्षित राहिला. जागा राहिला त्याचा हरवला. जागरण माणसाला देवाजवळ नेते, हे गृहीत धरूनच सारा विधी रचलेला. जागेपणी भलतेच काही दिसले तर काय, याची तरतूद कोणत्याही निबंधग्रंथात नाही.

१९/ आपल्या वाचकांना येथे औंढ्या नागनाथाची कथा आठवेल. नामदेव गुरूच्या शोधात येतात, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव संतापतात. विसोबा म्हणतात, जेथे पिंडी नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय हलवतात. जेथे ठेवावे तेथे पिंडी. दृश्य जवळपास तेच : पूज्य लिंगाचा उपमर्द, आणि तो पाहून हादरलेला भक्त. नामदेवांना दिसले की दगड पुरेसा नाही, कारण देव सर्वत्र आहे. मूलशंकरला दिसले की दगड पुरेसा नाही, कारण देव तेथे नाही. वाटा फुटल्या खऱ्या. पण नामदेवांना तेथे गुरू भेटला होता, मूलशंकरला झोपेतून उठवलेला बाप. हा फरक लहान नव्हे.

२०/ इतिहास वाचणाऱ्याने मात्र येथे थांबून शंका घेतली पाहिजे. ही हकीकत आपल्याला कळते ती स्वतः दयानंदांकडून, आणि सदतीस वर्षांनंतर. ती त्यांनी सविस्तर सांगितली ती आपल्या पुण्यात! १८७५ च्या उन्हाळ्यानंतर, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व इतर सुधारकांच्या निमंत्रणावरून ते पुण्यास आले. बुधवार पेठेत पंधरा व्याख्याने झाली. ४ ऑगस्ट १८७५ चे अखेरचे व्याख्यान म्हणजे त्यांचे आत्मकथन. ते बोलले हिंदीत, पण त्याचे सारांश छापले गेले मराठीत. पुढे ‘थिऑसॉफिस्ट’ मासिकात १८७९-८० साली त्यांचे आत्मचरित्र आले, तेव्हा तीच गोष्ट पुन्हा आली. तेथेही वडिलांचे नाव व गाव त्यांनी सांगितले नाही; टंकारा हे ठिकाण पुढे बंगाली चरित्रकार देवेंद्रनाथ मुखोपाध्याय यांनी शोधून निश्चित केले.

२१/ पन्नाशीतला, मूर्तिपूजेविरुद्ध देशभर वाद घालणारा संन्यासी स्वतःचे बालपण सांगतो, तेव्हा त्या रात्रीवर पुढच्या विचारांचा प्रकाश पडणारच. एक तपशील पाहा. १८६६ च्या सुमारास, म्हणजे उंदरानंतर सुमारे अठ्ठावीस वर्षांनी, हेच दयानंद जयपुरात वैष्णव मताचे खंडन करून शैव मताचा पुरस्कार करीत होते. महाराजा रामसिंहांच्या त्या नगरीत रुद्राक्षांचा इतका प्रसार झाला की हत्तीघोड्यांच्या गळ्यातही माळा पडल्या, असे तेच पुण्यात सांगतात. म्हणजे त्या रात्री मूर्तिपूजा सुटली, हे सरळसोट चित्र टिकत नाही. रात्री पडला तो प्रश्न. उत्तर यायला तीस वर्षे लागली. मथुरेत गुरू विरजानंदांच्या पायाशी व्याकरण शिकून, गंगेच्या काठाने हिंडून.

२२/ शिवाय काठेवाडात स्थानकवासी जैनांची वस्ती होती आणि हा पंथ मूर्तिपूजा मानीत नाही. मूर्तीवाचून धर्म असू शकतो, ही कल्पना त्या मुलाच्या परिसरात अगदीच परकी नव्हती. तिचा त्याच्यावर परिणाम झाला असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण कोणतेही मूल पोकळीत प्रश्न विचारीत नाही.

२३/ आणि त्याला घराबाहेर काढले ते उंदराने नव्हे. त्याच आत्मकथनात दुसरी एक रात्र आहे, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. तो सोळा वर्षांचा होता. एका स्नेह्याच्या घरी नाचगाण्याचा कार्यक्रम चालू असताना नोकर धावत आला : चौदा वर्षांची धाकटी बहीण अचानक आजारी पडली आहे. घरी पोहोचून चार तासांत ती गेली. सगळे रडत होते. तो भिंतीसारखा उभा राहिला, डोळ्यांत टिपूस नाही. लोकांना तो निर्दय वाटला. त्याच्या मनात एकच होते : हे मलाही गाठणार. काही वर्षांनी जिवलग चुलता गेला, तेव्हा मात्र तो मनसोक्त रडला. १८४६ मध्ये, घरात लग्नाची तयारी चालू असताना, एका संध्याकाळी तो निघून गेला.

२४/ माझ्या मते या दोन रात्री जोडून वाचल्याशिवाय पहिलीचा अर्थ लागत नाही. शिवालयात प्रश्न होता : ज्याला हाक मारतो तो ऐकतो का? बहिणीच्या बिछान्याशी त्याच प्रश्नाला रक्तमांस मिळाले. एका अर्थाने हे परंपरेचेच जागरण होते. गीतेत म्हटले आहे की, सर्व भूतांची जी रात्र तीत संयमी जागा असतो. मांडूक्य उपनिषद जागृती, स्वप्न, सुषुप्ती यांपलीकडची चौथी अवस्था सांगते. या साऱ्या वाङ्मयात ‘जागणे’ म्हणजे पापणी न मिटणे कधीच नव्हते. पापणी न मिटणे हा फक्त अभ्यास.

२५/ पुण्यातल्या त्या व्याख्यानांचे पुढे काय झाले? ५ सप्टेंबर १८७५ रोजी समर्थकांनी स्वामींची मिरवणूक काढली. तीत रानडे होते आणि जोतीराव फुलेही होते. वेदप्रामाण्य न मानणारे जोतीराव वेदप्रामाण्यासाठी झगडणाऱ्या संन्याशाबरोबर चालले, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहा. विरोधकांनी त्याच दिवशी गाढवाची मिरवणूक काढली आणि त्याला ‘गर्दभानंदाचार्य’ नाव दिले. चिखलफेक झाली. रानडे घरी आले ते चिखलाने भरलेल्या कपड्यांनी. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत तो प्रसंग लिहून ठेवला आहे.

२६/ त्याच वर्षीच्या एप्रिलात मुंबईस आर्य समाजाची स्थापना झाली होती. आर्यसमाजी महाशिवरात्र टाकून देत नाहीत. ते ती पाळतात, निराळ्या नावाने : ऋषिबोधोत्सव. टंकाऱ्यात त्या दिवशी दूरदूरचे लोक जमतात, हवन होते, व्याख्याने होतात. पिंडीवर अभिषेक होत नाही. तिथी मात्र पंचांगातली तीच, निशीथाच्या नियमाने ठरलेली, माघ वद्य चतुर्दशी.